नकाशातले दोन ठिपके

सुरुवातीलाच सांगते, यातलं एक अक्षरही पदरचं नाही. जिच्या घरी हे घडलं ती माझी मावसबहीण. नाव लिहू नकोस म्हणाली, म्हणून लिहीत नाही. आम्ही सगळे तिला शंकाबाईच म्हणतो. पावकिलो टोमॅटो घेतानाही एकेक चारी बाजूंनी निरखून घेणारी बाई. अशी माणसं उगाच भुतंबितं बघत बसत नाहीत.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

मंगळवार होता. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन. चौथ्या मजल्यावरचं छोटं घर. पुढे हॉल, हॉलच्या एका अंगाला ओटा, मग दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागेल एवढासा पॅसेज, आणि पॅसेजच्या टोकाला बेडरूम.

बेडरूमला दार एकच.

पण आधी त्या घरात फरशी साफ करणारं यंत्र आलं कसं, ते सांगायला हवं.

शंकाबाईचा गट्टू तेव्हा दहा महिन्यांचा होता. रांगायला लागला आणि त्याची छाती वाजायला लागली. समोरची जुनी इमारत पाडत होते. खिडक्या बंद ठेवल्या तरी तासाभरात फरशीवर बोट फिरवलं की रेघ उठायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "धूळ टाळा. झाडू तर मारूच नका, त्याने ती नुसती उडते."

झालं. शंकाबाई जमिनीवरून फिरत धूळ ओढून घेणारा रोबो शोधायला लागली. तोही साधा नको. साध्या रोबोचा डबा रोज हाताने उपडा करावा लागतो, आणि तेव्हा मूठभर धूळ नाकातोंडात जाते. तिला हवा होता आपली घाण आपणच रिकामी करणारा. म्हणजे घरभर फिरायचं, मग आपल्या बेसवर जाऊन बसायचं, आणि बेसने सगळा कचरा घर्रर्र करून बंद पिशवीत ओढून घ्यायचा. दोन महिने त्या पिशवीकडे बघायलाही नको.

पंधरा दिवस ती फोनवर हेच वाचत होती. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "आम्ही चार पोरं वाढवली गं, एकाच्याही मागे यंत्र नाही फिरवलं."

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. तो म्हणाला, "माझी एवढी चौकशी केली असतीस तर आपलं लग्नच झालं नसतं."

"म्हणूनच आता करतेय," ती म्हणाली.

शेवटी दोन उरले. एक काळा, तो फिरत्या लेझरने अंदाज घेत चालायचा. दुसरा पांढरा, त्याला लेझरही होता आणि पुढे कॅमेराही. हिचं काही ठरेना. दुकानदार कंटाळला असावा. म्हणाला, "ताई, दोन्ही घेऊन जा. आठवडाभर वापरा. नको असेल तो मी पुढच्या मंगळवारी चार वाजता येऊन नेतो."

बुधवारी तिने काळा लावला. परीक्षा घ्यायची म्हणून हॉलमध्ये खिडकीपाशी चमचाभर पीठ पसरलं. गट्टूला कडेवर घेतलं आणि बघत उभी राहिली.

रोबो निघाला. भिंतीकडेने गेला. सोफ्याखाली गेला. पिठापाशी आला...

ठक.

थांबला. मागे सरला. वळसा घालून पुढे गेला.

मध्ये काहीच नव्हतं. मोकळी फरशी.

पुन्हा आला. पुन्हा ठक.

काम संपल्यावर फोनवर घराचा नकाशा उमटला. भिंती, सोफा, टेबलाचे चार पाय. आणि खिडकीपाशी, जिथे काही नव्हतं तिथे... दोन ठिपके. शेजारी शेजारी. मनगटाएवढे जाड.

तिने फरशीकडे पाहिलं. सगळं पीठ गेलं होतं. फक्त दोन पट्टे राहिले होते, जिथे रोबोने वळसा घातला तिथे. वीतभर लांब. मागे गोलसर, पुढे रुंद.

तिने लगेच ओला कपडा घेऊन ते पुसून टाकलं. 

"सेन्सर गंडलाय," संध्याकाळी नवरा म्हणाला. "आमच्या लिफ्टचंही होतं असं. आत कोणी नसतं आणि लिफ्ट म्हणते वजन जास्त झालं."

"मग तुम्ही काय करता?"

"सेन्सर बदलतो, दुसरं काय? काळा परत दे. विषय संपला."

गुरुवारी तिने पांढरा लावला.

खिडकीपाशी आला. थांबला. वळसा.

त्याच जागी.

हा रोबो अडथळ्याचा फोटो काढायचा आणि नकाशावर त्याचं नावही लिहायचा. वायर असेल तर वायर, मोजा असेल तर मोजा. तिने ठिपक्यांवर बोट ठेवलं. फोटो उघडला. फोटोत नुसती फरशी. त्यावर खिडकीतून पडलेलं ऊन.

खाली नाव होतं... चप्पल.

दोन वेगवेगळी यंत्रं. एकाच जागी एकच चूक कशी करतील?

शुक्रवारी खिडकीपाशी ठिपके नव्हते. तिला हायसं वाटलं. मग तिने नकाशा सरकवला.

ते टेबलापाशी होते.

शनिवारी पॅसेजच्या तोंडाशी.

रविवारी नवरा घरी होता. त्याने स्वतः रोबो सुरू केला आणि मागोमाग चालत गेला. पॅसेजच्या मधोमध रोबो थबकला. नवऱ्याने तिथे पाय फिरवला, हात फिरवला, खाली बसून फरशीवर टकटक केलं. काही नाही. मोकळी हवा. "बघ," तो हसून म्हणाला, आणि बाजूला झाला. रोबो पुढे आला. ठक. वळसा.

त्या संध्याकाळी त्याने एकही विनोद केला नाही.

तुम्ही म्हणाल, यंत्र बंद करून का नाही टाकलं? मीही तिला हेच विचारलं होतं. ती म्हणाली, "बंद केलं तर ते कुठपर्यंत आलंय, ते कसं कळणार?"

आता कुठल्याही आईला विचारा, हे पटतं की नाही.

सोमवारी ठिपके बेडरूमच्या दारापासून दोन पावलांवर होते. दोघांनी ठरवलं, उद्या दुकानदार आला की दोन्ही रोबो देऊन टाकायचे आणि महिनाभर सासूबाईंकडे जायचं.

मग तो मंगळवार.

नवरा कामावर. गट्टू बेडरूममध्ये झोपलेला, घशात बारीक शिट्टी वाजत होती. शंकाबाई त्याच्याजवळ बसून बॅग भरत होती. आवाजाने तो उठू नये म्हणून दार लोटून घेतलेलं. जाण्याआधी एकदा बघून घ्यावं म्हणून तिने फोनवरून पांढरा रोबो सुरू केला.

हॉलमधून घरघर ऐकू आली. लांब... मग जवळ... मग पॅसेजमध्ये.

ठक.

दाराच्या अगदी बाहेर.

ठक... ठक.

तिने फोनवर पाहिलं. ठिपके दाराला खेटून होते. दोन. शेजारी शेजारी.

 खिडकी चौथ्या मजल्यावरची, तिला जाळी. बाहेर जायची वाट तेवढीच, आणि त्या वाटेत ते उभं.

तिने नवऱ्याला फोन लावला. नुसती रिंग. तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला की फोन वर बॅगेत ठेवतो. पुन्हा लावला. पुन्हा रिंग.

दाराची कडी आतून होती. तिने ती लावली. लावताना हात दाराला टेकला आणि तिला वाटलं, पलीकडूनही... नाही. ते ती अजूनही नीट सांगत नाही. 

मग तिने दुकानदाराला फोन लावला. "तो... तो दारावर आपटतोय," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"अहो ताई, एवढंच ना? घाबरता काय! नकाशावर त्या खोलीभोवती लाल चौकोन ओढा. चौकोनाच्या आत तो येत नाही. मी निघालोच आहे, पोचतो चारपर्यंत."

तो रोबोबद्दल बोलत होता. तिला ते कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार. तिने चौकोन ओढला. पहिल्यांदा तिरका गेला. पुसला. पुन्हा ओढला, चारही भिंतींना चिकटवून. दाराच्या रेषेवर तर बोट दाबून धरलं.

ठक थांबलं.

रोबो मागे फिरला. एकदा पॅसेजमधून सरळ गेला, न अडता. मग बेसवर जाऊन बसला. घर्रर्र... कचरा ओढल्याचा आवाज आला आणि घर शांत झालं.

इतकं शांत की तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

आणि मग लक्षात आलं... फक्त स्वतःचाच.

गट्टूच्या घशातली शिट्टी थांबली होती.

ती झेपावली. त्याच्या नाकाशी बोट धरलं. श्वास होता. मोकळा, संथ. महिनाभरात पहिल्यांदा तो इतका शांत झोपला होता. झोपेतच एक हात वर करून.

चार वाजता बेल वाजली. कडी काढायला तिला पाच मिनिटं लागली. गट्टूला छातीशी धरून, डोळे मिटून, ती त्या पॅसेजमधून पळाली. कशालाही धडकली नाही.

दुकानदार दारात उभा. "काय ताई, कोणता ठेवताय?"

तिने नकाशा पाहिला. खिडकीपाशी काही नाही. टेबलापाशी नाही. पॅसेज मोकळा. सगळ्या घरात एकही ठिपका नव्हता. त्या चौकोनाने खरंच थोपवलं होतं! तो रोबो दिला तर चौकोनही जाणार.

"पांढरा," ती म्हणाली.

पंधरा दिवस निवडायला लागले होते, आणि शेवटी निवडला तो असा.

नवऱ्यालाही बरं वाटलं. सासूबाईंकडे जाणं राहिलं. रोज रोबो फिरे, रोज नकाशा कोरा. आठ-दहा दिवस बरे गेले. मग एका सकाळी, भांडी घासता घासता, तिच्या हातातून कप सुटला.

दुकानदार काय म्हणाला होता? चौकोनाच्या आत तो येत नाही.

म्हणजे रोबो हॉल बघत होता. ओटा बघत होता. पॅसेज बघत होता. आणि सगळ्या घरात एकच खोली अशी होती, जिथे तो बघत नव्हता.

जिथे गट्टू झोपत होता.

तेव्हापासून तिघंही हॉलमध्ये झोपतात. बेडरूम बंद. चौकोन तसाच आहे. पुसला तर रोबो आत जाईल आणि खरं काय ते कळेल. पण ते आत असेल तर? चौकोन पुसला की ते बाहेर येईल. आणि आत नसेल, बाहेरच कुठे थांबलेलं असेल, तर पुसल्यावर आत जाईल. नवरा म्हणतो, घरच सोडू. ती म्हणते, मग रोबोचं काय करायचं? इथे ठेवायचा की बरोबर न्यायचा? 

मागच्या महिन्यात ती कपाटातून गट्टूचे स्वेटर काढायला बेडरूममध्ये गेली. मिनिटभराचं काम, म्हणून दार उघडंच ठेवलं. गट्टू रांगत मागोमाग आला. ती कपाटात वाकली, वळली...

गट्टू चालत होता.

आयुष्यात पहिल्यांदा. खोलीच्या मधोमध, एकेक पाऊल टाकत. दोन्ही हात डोक्याच्या वर. मुठी घट्ट मिटलेल्या. लहान मुलाला मागे उभं राहून, आपली बोटं धरायला देऊन, आपण चालवतो ना... अगदी तसा.

हसत होता.

ती स्वेटर हातात धरून बघतच राहिली. तो दारापर्यंत गेला. उंबऱ्याशी थांबला. एक पाय बाहेर टाकायला गेला आणि टाकला नाही.

मग हात तसेच वर धरून तो हळूच वळला, आणि पुन्हा आत आला.

ती मला हे फोनवर सांगत होती तेव्हा मागे गट्टूच्या हसण्याचा आवाज येत होता. मी विचारलं, "तो आत्ता कुठे आहे गं?"



"त्या खोलीचं दार लावलं की रडतो," ती म्हणाली. "छाती वाजायला लागते. आत गेला की बरा असतो."