झोपेचा रकाना

सैनिक कल्याण कार्यालयात एका कागदावर शिक्का मारून घ्यायला ती आली आणि घाईत शेजारचंच दार ढकलून आत शिरली. आत एक चष्मेवाला तरुण फॉर्मांचे गठ्ठे लावत बसला होता.

"या, बसा. मिस्टर बाहेर आहेत का? त्यांनाही बोलवा. प्रश्न माजी सैनिकांनाच विचारायचे असतात."

"मिस्टर नाहीत," ती म्हणाली. "सैन्यात मीच होते. बारा वर्षं, वायरलेसवर."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. "चुकलंच माझं..." म्हणत उठला, तो खुर्ची पाडूनच. ती हसली. मनापासून, कित्येक महिन्यांनी! शिक्का राहिला बाजूला. सैन्यातून परतलेल्यांच्या मनाचं पुढे काय होतं, याचा तो अभ्यास करत होता; तिनं त्यात नाव घातलं. महिन्यातून एकदा यायचं, प्रश्नांपुढे खुणा करायच्या. ज्यांना गरज असेल त्यांना मोफत समुपदेशन मिळणार होतं.

आणि गरज तिला होतीच. डोळा लागला की कानात वायरलेस खरखरायचा, एक ओळखीचा आवाज मदत मागायचा, आणि ती ताडकन उठून बसायची. घरात हे फक्त वहिनीला ठाऊक होतं.

पण मन मोठं लबाड. समोर तो बसलेला असताना 'झोप मोडते का?' या रकान्यात 'रोज'वर खूण करायला तिचा हात धजेना. काय वाटेल त्याला? तिनं 'कधीच नाही'वर खूण केली. दुसऱ्या महिन्यातही तेच. तिसऱ्यातही.

"फॉर्म भरायला एवढी कडक इस्त्री, वन्सं?" वहिनीनं दारातच अडवलं.

"शिस्त असते आमची."

"हो, हो... कानात डूल घालायचीसुद्धा?"

चौथ्या वेळी त्यानं कागद पुढे सरकवलेच नाहीत. "अभिनंदन! तुमची उत्तरं उत्तम आहेत. समुपदेशनाची जागा आता दुसऱ्या कुणाला देऊ. म्हणजे... तुम्ही यायची गरज नाही." तो पेनाचं टोपण उगाचच काढत-लावत होता.

आपल्याच हातानं आपण उपचार घालवले, आणि हे येणंही!

"मी खोटं लिहिलं," ती म्हणाली. "रोज उठते मी. एक जण मदत मागत असतो... मी त्याला सांगितलं होतं, निघालेत, पोहोचतीलच. कुणी पोहोचलं नाही."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग खरं लिहिलं का नाहीत?"

"वाचणारे तुम्ही होतात ना..."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आजपासून तुमचे प्रश्न आमच्या समुपदेशक बाई विचारतील. त्यांना सगळं खरं सांगा. तुमची फाइल मला आता बघता येणार नाही. जवळच्या माणसाची बघायची नाही, असा नियम आहे, आणि... बरं झालं. मला तुम्ही आवडता. नीट झोपलात तरी, नाही झोपलात तरी."

तिचा हात नकळत कानातल्या डुलाकडे गेला. ती बाईंच्या खोलीत गेली.

तिथं तासभर लागला. रडूनही झालं. बाहेर आली, तर तो बाकावर बसून होता.

"आत काय झालं ते विचारणार नाही," तो घाईनं म्हणाला. "फक्त... घरापर्यंत सोबत येऊ?"

"या," ती डोळे पुसत म्हणाली. "पण लांबच्या रस्त्यानं जाऊ. मला सांगायचंय."