मिको टॅल्टीची बासरी

जुनी लाकडी बासरी विकायला आली की मी आधी तिचा वास घेतो, मग उजेडाकडे धरून आतून पाहतो. बंद घरात वर्षानुवर्षं पडून राहिलेलं लाकूड वाळतं, आकसतं, त्याला बारीक चीर जाते. समुद्रकाठच्या मिलटाउन गावात, मुख्य रस्त्यावरच्या दुकानात तीस वर्षं मी हेच करत आलोय. यात सहसा फसत नाही.

ऑक्टोबरात जवळच्या क्विल्टी गावातून डेलिया टॅल्टी आली. ऐंशीच्या घरातली, एकटी राहणारी. तिनं लोकरी मोज्यातून एक बासरी काढून टेबलावर ठेवली. तिच्या भावाची, मिकोची. मिको समुद्रात बुडाला त्याला अकरा वर्षं झाली होती.

मी आत पाहिलं. पोकळी ओली होती, कुणी आत्ताच वाजवून खाली ठेवल्यासारखी.

"आता कोण वाजवतं, डेलियाबाई?"

"कोणी नाही."

"पण ओली आहे ही."

"असणारच. रोज सकाळी पुसावी लागते मला." ती हातमोजे चढवू लागली. "बोटं वळत नाहीत आता, कोलमन. म्हणून तर विकतेय. काय द्यायचं ते दे."

समुद्राची दमट हवा, दुसरं काय, असं मी मनाशी म्हटलं आणि बासरी कपाटात ठेवली. शेजारचं व्हायोलिन कोरडं राहिलं. बासरीच्या टोकाशी मात्र रोज सकाळी एक थेंब लोंबत असे. खारा असेल म्हणून एकदा जिभेला लावून पाहिला. खारा नव्हता. कोमट होता. दुकानात तेव्हा शेगडीसुद्धा पेटवलेली नव्हती.

माझी मुलगी ब्लॉनिद तेव्हा सव्वीस वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वीच्या न्यूमोनियानं तिची फुप्फुसं पार खाऊन टाकली होती. आमच्या माडीला चौदा पायऱ्या. सातव्या पायरीवर ती ऑक्सिजनचा सिलिंडर मांडीवर घेऊन बसायची. एके काळी तिची बासरी ऐकायला लोक लांबून यायचे. आता ती फक्त विकायच्या बासऱ्यांना तेल लावायची.

"मी आता तेलीण झाले, बाबा," म्हणायची आणि हसता हसता खोकायची.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी मी गॉलवेच्या एका गिऱ्हाइकाला कॉन्सर्टिना, म्हणजे दोन हातांत धरून वाजवायची छोटी पेटी, दाखवत होतो. आतल्या खोलीतून बासरी ऐकू आली. नाचाची चाल, द्रुत, सबंध दोनदा. मी श्वासाची जागा यायची वाट पाहत होतो. ती आलीच नाही.

"श्वास कुठे घेतोय हा माणूस?" गिऱ्हाईक म्हणालं.

मी आत धावलो. ब्लॉनिदच्या हातात मिकोची बासरी होती. गाल लाल झाले होते.

"बाबा, ही थांबतच नाही. मीच हिच्या मागे धावतेय!"

मग ती जिना चढून गेली. सिलिंडर खालीच राहिला. वरून तिनं मला हाक मारली, धाप न लागता. मी खालच्या पायरीवर बसून रडलो. म्हटलं, देवा, तुझे उपकार. मी काही विचारणार नाही.

लिमरिकच्या डॉक्टरीणबाईंनी छातीचे जुने आणि नवे फोटो शेजारी लावले.

"काडीचा फरक नाही," त्या म्हणाल्या. "पण ती चालतेय, खातेय. मग मी कशाला भांडू?"

जानेवारीतल्या एका रविवारी मी डेलियाला गाडीनं घेऊन आलो. तिचे आभार मानायचे होते. चहा झाला, पाव-लोणी झालं, मग ब्लॉनिदनं वाजवलं. डेलियाचे डोळे मिटलेले होते, मांडीवर बोटं हलत होती.

"दुसऱ्या भागात घाई करतो मेला," ती पुटपुटली. "कितीदा सांगितलं."

मी तिचे दोन्ही हात धरले.

"रोज पुसावी लागते का रे?" तिनं विचारलं.

"नाही. ब्लॉनिदनं हातात घेतली त्या दिवसापासून कोरडी आहे."

डेलिया कितीतरी वेळ ब्लॉनिदकडे पाहत राहिली.

तिला पोचवायला आम्ही बाहेर आलो. दुपार होती, तरी रस्त्यावर हिम चकाकत होतं. चर्च सुटलं होतं, लोक येत होते.

माझ्या तोंडातून वाफ निघत होती. डेलियाच्याही.

ब्लॉनिद हसत होती, भरभर बोलत होती. तिच्या तोंडासमोरची हवा स्वच्छ होती.

डेलियानं आपल्या गळ्यातला मफलर काढला आणि ब्लॉनिदच्या नाकातोंडावरून दोन वेढे घेऊन घट्ट बांधला.

"हिवाळ्यात चारचौघांत जाताना असाच बांधत जा, पोरी."