शनिवारच्या आडव्या पट्ट्या

“माझा सेट चोरीला गेला!” निवृत्त गणित मास्तर दारातूनच ओरडले. आळीतल्या चोऱ्यांचा छडा लावणाऱ्या वहिनींनी घड्याळ पाहिलं. रविवार, दुपारचे दोन.

गेला होता तो मास्तरांचा चाळीस वर्षांचा, व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, वायरलेस सेट. दर रविवारी चारला ते त्यावरून समुद्रापलीकडच्या दोस्ताशी बोलत. तीस वर्षांची दोस्ती, पण तोंड कधी पाहिलेलं नाही. दोस्त उद्या मुलाकडे राहायला जाणार होता आणि तिथे एरियलला जागा नव्हती. आजचं बोलणं शेवटचं.

“एवढं धूड उचलून नेलं? चोराची हौस दांडगी,” भावजी म्हणाले. तपासात हे धाकटे दीर कायम वहिनींसोबत, आणि कायम एक पाऊल मागे.

मास्तरांच्या खोलीत कडीकोयंडा शाबूत होता. एरियलची तार स्क्रू सैल करून अलगद सोडवलेली होती.

शेजारचे काका भांडायच्या तयारीतच होते. “बरं झालं गेला! हे बोलले की माझ्या टीव्हीवर पट्ट्या. काल सकाळीसुद्धा! दहा मिनिटं पट्ट्या, मग एकदम साफ.”

“काल सकाळी मी वाचनालयात होतो,” मास्तर म्हणाले.

काका साफ खोटं बोलतायत, असं भावजींनी वहीत लिहून टाकलं.

रेडिओ मेकॅनिकने दुकानाचं दार अर्धंच उघडलं. “मी कशाला चोरू? चारपर्यंत मला मान वर करायला फुरसत नाही.”

“हा व्हॉल्व्ह जळलाय का?” आत टेबलावर पडलेल्या काळवंडलेल्या नळीकडे बोट दाखवत वहिनींनी विचारलं.

“हो. बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, बदलल्यावर बटणं फिरवून सेट जुळवावा लागतो. नवशिके विसरतात आणि तसेच बोलत सुटतात, मग व्हॉल्व्ह जळतो.”

घरी मास्तरांच्या बायकोच्या, मास्तरीणबाईंच्या, मुठीत चष्म्याचं घर होतं. “मी बाई त्या खोक्याच्या वाटेलाही जात नाही.” बोलताना त्यांचा अंगठा घरावर दाबलेला असे, ऐकताना सुटे.

सव्वातीनला वहिनींनी सगळ्यांना मास्तरांच्या खोलीत बसवलं. मेकॅनिक तेवढा आला नाही.

“काका खरं बोलतायत. काल मास्तर बाहेर असताना कुणीतरी सेटवर बोललं. पट्ट्या एकदम थांबल्या, कारण व्हॉल्व्ह जळला. म्हणजे बोलणारा नवशिका. कडी शाबूत, म्हणजे घरातला. आणि बोलताना दाबायचं, ऐकताना सोडायचं, ही अंगठ्याची सवय माइक धरणाऱ्यालाच लागते. हो ना, मास्तरीणबाई?”

मास्तरीणबाई लाजून लाल झाल्या. “वायरलेसच्या परवान्याची परीक्षा पास झालेय मी. तीस वर्षं त्या दोस्ताचा आवाज ऐकतेय, एकदा आपणही बोलावं वाटलं. व्हॉल्व्ह जळला, घाबरले, आणि आज सकाळी सेट मेकॅनिककडे पाठवला.”

“अगं, मला नाही का विचारायचंस?”

“तुम्ही शिकवायला लागलात की ओरडता!”

काका खो खो हसले. भावजींनी वहीतली ओळ गुपचूप खोडली.

पावणेचारला मेकॅनिक धापा टाकत सेट घेऊन आला. व्हॉल्व्ह तापले, मास्तरांनी सेट जुळवला आणि माइक बायकोच्या हातात दिला.

मास्तरीणबाईंनी आपली ओळख सांगून हाक दिली. पलीकडे क्षणभर नुसती खरखर, मग दोस्ताचं गडगडाटी हसू.

“मास्तर, तीस वर्षांत आज पहिल्यांदा तुमचं तोंड पाहावंसं वाटतंय!”