नळीत शिरलेली कुंभारीण

“जया, आज तू एक अक्षरही बोलायचं नाही!” सायकल दामटत प्रेमलताने कॅरियरवरच्या बहिणीला बजावलं. “बाबांनी मला एकच संधी दिलीय. आजचं उड्डाण त्यांना पसंत पडलं तर फ्लाइंग क्लब. नाहीतर मास्तरीणबाई व्हायचं!”

बारा वर्षांच्या जयाने ओठ घट्ट मिटले. ताईला वैमानिक करायचंच, असा विडा तिने आणि सुट्टीत खाप्याहून आलेल्या आतेभावाने, लहानूने, उचलला होता.

क्लबच्या मैदानात दोन आसनांचं विमान उभं होतं. शिक्षक मनोहरराव ताईला आत बसवून पट्टे बांधत होते. बाबा, म्हणजे देवराव, उन्हात कपाळाला आठ्या घालून उभे होते.

बाबांबरोबर आधीच येऊन थांबलेल्या लहानूने जयाची बाही ओढली. “ते पाय वं! पंखाखालच्या नळीत कुंभारीण जाऊन राहिली!”

खरंच! बारीक कमरेची एक काळी माशी चिखलाची गोळी घेऊन नळीत शिरली आणि रिकाम्या तोंडाने बाहेर आली.

“आमच्या घरी कुलपात घर करते ना, तेच हे! नळी बुजलीच समज!”

जयाला आठवलं. ताईने कालच सांगितलं होतं, या नळीत वारा शिरला की आतला वेगाचा काटा हलतो. नळी बुजली तर वेग कळणार कसा, आणि वेग न कळता विमान सांभाळणार कसं? पण तोंड उघडलं, तर बाबा ताईला सरळ घरी नेणार!

“पंखा फिरवू का साहेब?” मनोहररावही आत बसताच मेकॅनिक बाबाराव ओरडला.

“थांबा!” जया धावत जाऊन विमानासमोर उभी राहिली.

“ए पोरी, बाजूला हो! सकाळीच तपासलंय सगळं!” मनोहरराव गरजले.

“नळीत बघितलंत?”

“तू मला शिकवणार?”

“हो! तुम्ही बघेपर्यंत मी हलणार नाही!”

“मीबी नाई हटत!” लहानूने तिच्याशेजारी फतकल मारली.

मनोहरराव तणतणत उतरले, नळीत डोकावले आणि त्यांनी तार मागवली. तारेने टोकरल्यावर ओली माती निघाली, तिच्यामागून कुंभारणीने पिल्लांसाठी साठवलेली एक हिरवी अळी!

“नळी झाकायची लाल कापडी टोपी कुठाय?” मनोहररावांनी विचारलं.

टोपी शेडमधल्या चहाच्या किटलीच्या कानाला गुंडाळलेली होती!

“हात पोळते ना साहेब,” बाबाराव पुटपुटला.

“चल प्रेमा,” देवराव कडाडले. “असल्या ठिकाणी माझी पोरगी शिकणार नाही!”

“शिकणार, बाबा!” प्रेमलता पट्टे सोडून खाली उतरली. “साहेब म्हणाले ‘ठीक आहे’ आणि मी डोळे मिटून बसले. माझंही चुकलंच. यापुढे स्वतः तपासल्याशिवाय बसणार नाही. पण शिकेन ते विमानच!”

“देवरावजी, दोष माझा,” मनोहररावांनी मान खाली घातली. “या पोरांनी आज दोन जीव वाचवले. शाब्बास रे!”

देवरावांनी धाकटीला जवळ ओढलं. “जये, एवढ्या मोठ्या माणसाला अडवलंस. भीती नाही वाटली?”

“वाटली ना! पण तुमची जास्त वाटत होती.”

देवराव खो खो हसत सुटले. मग मनोहररावांकडे वळून म्हणाले, “नळी नीट साफ करून घ्या. उद्या आम्ही परत येतो. आणि विमान आधी माझी प्रेमा तपासेल. तिने हो म्हटलं, तरच तुम्ही बसायचं!”