तिनं अडवलेलं अपडेट

जवळ सरका पोरांनो, आणि ते मोबाईल जरा खाली ठेवा. माझ्या शेजारच्या टेबलावर एक जण बसायचा, त्याच्या बाबतीत घडलेलं सांगतो. थापा मारणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या शनिवारची रात्र. ऑफिस रिकामं झाल्यावर त्याला सगळ्या सर्व्हरवरचे ब्राउझर अपडेट करायचे होते. नेहमीचंच काम. बघता बघता उरकलं. उरला एक सर्व्हर.

त्याच्यावर त्याच्या धाकट्या बहिणीनं नियम घालून ठेवला होता: अपडेट घ्यायचं नाही. तक्रारींचं जुनं पान नव्या ब्राउझरमध्ये उघडत नसे, म्हणून. तीही तिथेच कामाला होती. त्यानंच तिला बोट धरून शिकवलेलं. पावसाळ्यात ती तापानं गेली. तिचं लॉगिन बंद करायचं कामही त्याच्याच वाट्याला आलं. पुढे ते पान बदललं, तरी नियम काही त्याच्यानं काढवला नाही. तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं.

त्याच आठवड्यात साहेबांनी शेवटी बोलावून सांगितलं होतं, "जुना ब्राउझर म्हणजे चोराला उघडं दार. तुमचं दुःख कळतं मला. पण शनिवारी काढा, नाहीतर दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल."

त्या रात्री त्यानं नियम काढला. स्क्रीन रिफ्रेश केली. नियम परत हजर.

मुख्य सर्व्हरवरून येतोय की काय, म्हणून तिकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. पुन्हा काढला. पुन्हा आला.

कुणाच्या लॉगिननं येतोय, ते पाहिलं...

तिच्या.

खोलीत नुसती पंख्यांची घरघर.

"बाळा..."

तो स्क्रीनकडे वाकला.

"मलाही नाही गं काढवत. पण परक्या कुणी काढण्यापेक्षा... मी काढतो ना."

...

हात मात्र उचलेना. तो तसाच बसून राहिला. आणि नियम गेला. आपसूक. अपडेट सुरू झालं. पट्टी हळूहळू भरत गेली, आणि तो तोंडात रुमाल कोंबून रडत राहिला.

घरी जायला उठला, तेव्हा दिसलं. भिंतीजवळची रिकामी खुर्ची त्याच्या खुर्चीला खेटून उभी होती. बैठक पार तळाशी घेतलेली.

बहीण ठेंगणी होती त्याची. पाय जमिनीला टेकावेत म्हणून ती खुर्ची अशीच खाली घ्यायची...