काटा शून्यावर

कोल्हारच्या स्टँडवर भारती उतरली तेव्हा तिच्या हातात एक लांबोळकी नळी होती, डाळिंबी ओढणीत गुंडाळलेली, आणि सगळा स्टँड त्या नळीकडे बघत होता. नगरपासून कंडक्टर सारखा विचारत आला होता, "बाई, बंदूक तर नाही ना?" शेवटी वैतागून तिनं "आहे" म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं तो गप्प झाला.

भारती तशी फटकळ नव्हती. पण एकट्या राहणाऱ्या मुलीला अशी चार उत्तरं तयार ठेवावीच लागतात. शेतकीची पदवी घेऊन ती नगरजवळ केडगावला ठिबक सिंचनाच्या एका कंपनीत लागली होती आणि ऑफिसच्याच मागच्या खोलीत राहत होती. एका माणसाचा भात शिजवायचा म्हणजे मोठी पंचाईत! कितीही कमी लावला तरी उरतोच. तो सकाळी फोडणीला टाकायचा, आणि फोडणीचा ठसका लागला तरी "अगं, पाणी घे" म्हणणारं कुणी नाही. असे तिचे दिवस चालले होते.

आज तिला कंपनीच्या प्रयोगासाठी मच्छिंद्रतात्यांच्या डाळिंबाच्या बागेत नळी बसवायची होती. तात्या स्टँडवरच भेटले आणि स्टँडवरच फिरले.

"न्हाई ताई, आमच्या बागेत नळी-बिळी नको. झाडाला तहान लागली का डोळ्याला दिसतंच की."

"अहो तात्या, पण तुम्ही हो म्हणाला होतात—"

"तवा म्हनलो हुतो. आता न्हाई म्हनतो."

तात्या निघून गेले. परतीच्या बसला वेळ होता. भारती चहाच्या टपरीसमोर नळी धरून उभी राहिली. रडू येईलसं वाटत होतं, आणि रडायचं तर नळी कुठं ठेवायची हाही प्रश्नच होता.

"गेज हाय व्हय हे?"

तिनं वळून पाहिलं. तिशीचा एक माणूस, हातात चहाचा ग्लास, ओढणीतून डोकावणाऱ्या काट्याच्या तबकडीकडे वाकून बघत होता. तबकडीकडेच बघत होता, हे भारतीला बरं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

"जमिनीची तहान मोजायचं यंत्र आहे," ती म्हणाली.

"आणि माणसाची?"

"त्याचं यंत्र अजून निघालेलं नाही."

"मग माणसानं काय करायचं?"

"चहा प्यायचा."

आणि त्यानं खरंच दुसरा चहा सांगितला.

त्याचं नाव प्रशांत. बरीच वर्षं पुण्याला कारखान्यात मशीनवर काढलेली. आई आधीच गेली होती. वडील, सहादेव, गेल्या वर्षी गेले, तेव्हा नोकरी सोडून गावी आला. दोन एकर मुरमाड रान, वडलांनी लावलेली डाळिंबं, त्यांनीच अंथरलेलं ठिबक, आणि हा शेतीत अगदी नवखा.

"झाडं काय बोलत्यात ते मला कळत न्हाई, मॅडम. काटा कळतो. सारी नोकरी काटं वाचण्यात गेली. लावा माझ्या बागंत."

कोल्हारमधे तिला सगळे ताई म्हणत होते. हा पठ्ठ्या मॅडम म्हणाला, आणि पुढंही चुकून कधी ताई म्हणाला नाही. भारतीच्या हे लक्षात आलं नाही असं कुणी समजू नये.

बागेत दोघं गुडघ्यांवर बसली. तिनं भोक पाडलं, चिखल कालवला, नळीचं भाजलेल्या मातीचं टोक त्यात दाबून बसवलं, नळी पाण्यानं भरली आणि टोपण लावलं.

"काटा चाळीसला आला की झाडं तहानली. खाली असला तर पाणी नको. टोपणाला हात लावायचा नाही, नळीतलं पाणी मी येऊन भरत जाईन. आणि डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, काट्यावर ठेवायचा. रोज संध्याकाळी मला फोन करून आकडा सांगायचा. पाणी कधी सोडायचं ते मी सांगेन."

"रोज?"

"रोज."

"बरं," तो म्हणाला. इतक्या आनंदानं 'बरं' म्हणण्यासारखं त्यात खरं तर काही नव्हतं.

निघताना तिला त्याच्या ओसरीत बुद्धाची तसबीर दिसली आणि नमस्काराच्या जागी आपसूक 'जयभीम' तोंडातून गेलं. तो हसला. परतीच्या बसमधे तिला बेलापूरचं आपलं घर आठवत राहिलं.

मग सुरू झाले फोन. कोल्हारच्या चौकात छगनचा एसटीडी बूथ होता, तिथून तो करायचा. ऑफिस रिकामं झालेलं असायचं, आणि भारती फोनशेजारी काहीतरी काम काढून बसलेली असायची.

"बावीस."

"छान. पाणी नको."

दुसऱ्या दिवशी—

"सव्वीस. आणि मॅडम, पहिली कळी आली."

"हो? रंग कसा आहे?"

"तुमी त्या दिवशी नळीला ओढणी गुंडाळली हुती ना… तसला."

भारतीनं वहीतला सव्वीस उगाचच परत गिरवला.

"आकडा सांगा," भारती म्हणाली.

"सांगितला की."

"परत सांगा."

"सव्वीस," तो म्हणाला, आणि तो हसतोय हे तिला केडगावात बसून दिसलं.

मार्च आला. कळ्यांची फुलं झाली, फुलांची सुपारीएवढी फळं झाली. फोन आकड्यावरून सुरू व्हायचे आणि कुठल्या कुठं जायचे.

"जेवला, मॅडम?"

"अजून नाही. भात टाकलाय."

"काल पण भातच हुता."

"परवाही होता."

"अवं, एखादी भाजी करा म्हनावं त्यास्नी!" मागून छगनचा आवाज यायचा, आणि दोघं घाईघाईनं परत आकड्यावर यायची.

फोन ठेवला की खोली आधीपेक्षा जास्त रिकामी वाटायची. दिवसभरात तिच्याशी कामापलीकडे बोलणारा हा एकच आवाज होता, आणि तोही हंगाम संपला की संपणार. भारती मनाला बजावायची, हा आकडा सांगतो, आपण लिहून घेतो, बाकी काही नाही. मनानं असलं कधी कुणाचं ऐकलंय?

एप्रिलात बेलापूरहून आईचा निरोप आला. स्थळ आलं होतं. योगेश नावाचा मुलगा, औरंगाबादला बँकेत. भारती एका दिवसाचं सांगून गेली, आणि पाहुणे जातात न जातात तोच आईनं, गीताबाईनं, तापानं अंथरूण धरलं. एका दिवसाचे आठ-दहा दिवस झाले. मुलगा चांगला होता, नाव ठेवायला जागा नव्हती. "तुम्हाला काय आवडतं?" असं त्यानं विचारलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "डाळिंब." त्यानं बिचाऱ्यानं पुढच्या वेळी किलोभर आणायचं कबूल केलं.

ती केडगावला परतली तेव्हा शिपाई गोरक्षनं सांगितलं, "कोल्हारचा रोज फोन येत हुता. मी सांगितलं, मॅडम स्थळासाठी गावाला गेल्यात, पोरगा औरंगाबादला बँकेत हाय म्हणून."

भारती पाच वाजल्यापासूनच फोनशेजारी जाऊन बसली. संध्याकाळी फोन वाजला.

"शून्य," प्रशांत म्हणाला.

"शून्य?"

"व्हय. कालपासनं शून्यच हाय."

एरवी तिनं दहा प्रश्न विचारले असते. आज तिला त्या आवाजातला कोरडेपणाच ऐकू येत होता.

"कॅनॉलला पाण्याचं आवर्तन सुटलंय ना? बागेत पाझर लागला असेल. मग पाणी नको."

"बरं." मग तोच पुढं म्हणाला, "बोलणी झाली म्हणं?"

"चाललीत…"

"चांगलं झालं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढचा आठवडा असाच गेला. शून्य. पाणी नको. बरं. जेवणाची चौकशी नाही, कळीचा रंग नाही, छगनचा आवाजही नाही. त्याची बाग मजेत होती, तोही मजेत असणार. आपल्यावाचून कुणाचं काय अडतंय, असं म्हणत भारती उरलेला भात झाकून ठेवायची. नळीत पाणी भरायला जायची वेळ झाली होती, तेही तिनं टाळलं. कुठल्या तोंडानं जायचं? बेलापूरला होकार कळवायचा होता, तेवढा शब्द देणं मात्र जमत नव्हतं.

एका सकाळी ती गोदाम आवरत होती. कोपऱ्यात एक जादा नळी भिंतीला टेकून उभी होती, कित्येक महिन्यांत पाण्याचा थेंब न लागलेली. तिनं तबकडीवरची धूळ पुसली. काटा शून्यावर होता.

ती बघतच राहिली. कोरडी ठणठणीत नळी, आणि काटा शून्यावर! हातातलं फडकं तिथंच टाकून तिनं मनमाडकडे जाणारी पहिली बस धरली.

बाग लांबूनच कळली. पानं गुंडाळून गेली होती. झाडांखाली सुपारीएवढ्या फळांचा सडा पडला होता. प्रशांत नळीजवळ उकिडवा बसला होता आणि ती आलेली पाहून उठायचंही त्याला सुचलं नाही.

"पाणी कधी सोडलं होतं?"

"तुमी गावाला जायच्या आदी. मग काटा सत्तरवर चढला, पण सोडा म्हणायला तुमी नव्हता, आणि एका रात्रीत शून्यावर आला."

"अहो, झाडं दिसत नव्हती का तुम्हाला?"

"दिसत हुती की. तात्या रोज बांधावर येऊन वरडत हुते, पानी सोड येड्या म्हणून. पण तुमी म्हणला हुता, डोळ्यांवर इस्वास ठेवायचा न्हाई, काट्यावर ठेवायचा." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "तुमचं म्हणून माझ्याकडं तेवढंच एक राहिलं हुतं. ते बी मोडू?"

भारती त्याच्यासमोर मातीतच बसली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि आता नळी कुठं ठेवायची हा प्रश्न नव्हता.

"माझी चूक आहे. जमीन फार तहानली की नळीतलं पाणी ओढून घेते. आत हवा शिरते आणि काटा शून्यावर पडतो. भिजलेल्या रानाचा आकडा तोच, करपलेल्याचाही तोच. मी हे शिकले होते. तुम्हाला सांगायचं राहिलं… आणि फोनवर विचारायचंही."

त्यानं तबकडीवर बोट ठेवलं.

"म्हंजे लई तहान लागली का हे म्हणतंय, मला काय तहान न्हाई."

"हो."

"माझ्यागतच झालं की."

"मला वाटलं, तुम्ही मजेत आहात," भारती म्हणाली.

"मला वाटलं, तुमी."

मग तो झटक्यात उठला आणि ठिबकच्या चावीकडे धावला. तिनं धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"एकदम नको! राहिलेली फळं तडकतील. आज थोडं, उद्या थोडं."

"उद्या किती, ते कोण सांगणार?"

"मी."

दोघांनी मिळून चावी जराशी फिरवली. थेंब पडायला लागले. मनगट अजून तिच्या हातात होतं, आणि ते सोडायची आठवण कुणीच कुणाला करून दिली नाही.

"औरंगाबादला डाळिंबं व्हत्यात का?" त्यानं विचारलं.

"होत असतील. मला काय त्याचं?"

त्याच आठवड्यात तिनं बेलापूरला नाही कळवलं. आई चिडली, रडली, आणि विचारलं, "मग कोण?" भारतीनं उत्तर दिलं नाही, कारण कोणी तसं म्हणालंच नव्हतं. ना तो, ना ती.

बाग वाचली, पण निम्मा बहार गेला. साहेबांनी भारतीला बोलावून सांगितलं, "शेतकऱ्यानं सूचना पाळल्या नाहीत, असं लिहा."

"सर, सूचना तंतोतंत पाळणारा तो एकटाच शेतकरी आहे."

"मग चूक कुणाची लिहिणार?"

"माझी."

तिनं तसंच लिहिलं. कोल्हारचा प्रयोग बंद झाला, आणि जूनपासून येऊ नका असं तिलाही सांगण्यात आलं. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा साहेब तिथंच बसलेले. त्यांनीच उचलला. "प्रयोग बंद झालाय. आकडा सांगायची गरज नाही. नळी आणून द्या," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला.

त्यानंतर फोन वाजला नाही. आकडा नाही, तर फोन करायचा कशाच्या नावावर? भारती मात्र ऑफिस सुटल्यावर त्या फोनशेजारी बसून राहायची. वळवाचे ढग यायचे आणि न पडताच निघून जायचे. खोलीतलं सामान एका पेटीत मावलं. इतके दिवस राहून आपलं म्हणण्यासारखं एवढंच जमलं, याचं तिला फार वाईट वाटलं.

पेटी आईकडे पाठवून दिली आणि ती बसमधे बसली. तिकीट बेलापूरचं काढायचं होतं. कंडक्टरनं विचारल्यावर ती म्हणाली, "कोल्हार."

स्टँडवर ती उतरली तेव्हा समोर नगरकडची बस उभी होती आणि दारात कंडक्टर कुणाला तरी अडवून विचारत होता, "अवं, बंदूक हाय का काय ही?"

पायरीवर प्रशांत होता. धुतलेला सदरा, आणि काखेत टॉवेलमधे गुंडाळलेली नळी.

तिला बघून तो खाली उतरला. बस निघून गेली.

"कुठं निघाला होतात?"

"केडगावला. नळी द्यायला." मग त्यालाच ते पटलं नाही. "नळी तर नुसतं निमित्त. तुमी आज काय मोजायला आला?"

"काही नाही," तिनं दोन्ही हात पुढं करून दाखवले. "नुसतीच आलेय. नोकरी गेली. फोनही गेला."

"आणि स्थळ?"

"ते मीच घालवलं."

तो नळीशी चाळा करत उभा राहिला. टपरीवरची माणसं उघड उघड बघत होती. छगन तर बूथ सोडून चौकातून आला होता.

"भारती," प्रशांत म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला, आणि पुढचं त्याला काही येईना.

तिलाही येईना. मग तिनं रोजचंच विचारलं, "किती आहे आकडा?"

त्यानं नळीकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं.

"शून्य."

"माझाही," भारती म्हणाली, आणि टपरीवाल्याला दोन चहा सांगितले.