हिरव्या इंजिनाची चोरी

"इंजिन चोरीला गेलंय," पाहुणे म्हणाले, "आणि चोर घरातच आहे. तिनं कबूलही केलंय."

भाऊजींचं पेन हवेतच राहिलं. चोर सापडला, कबुली मिळाली. मग आपण इथे माश्या मारायला बसलोय का, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर इतका स्पष्ट उमटला की वहिनींनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला.

ऑफिस वहिनींचं. विमा कंपनीत खोटे दावे पकडता पकडता त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि निवृत्तीनंतर घरी बसणं काही जमेना, म्हणून त्यांनी खासगी तपासाची पाटी लावली. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. नोकरी संपल्यावर दिवसभर स्वयंपाकघरात लुडबुड करतात म्हणून त्यांच्या बायकोनेच त्यांना इकडे पिटाळलं होतं. डोकं जरा सावकाश चालायचं, पण माणूस लाखमोलाचा.

पाहुणे घड्याळजी होते. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेली. एकुलता एक मुलगा; त्याला लहानपणापासून खेळण्यातल्या रेल्वेचं वेड, आणि लग्न झालं तरी ते गेलं नाही. शेवटी बाप-लेकांनी घरची गाडी विकून टाकली आणि गॅरेजमध्ये रेल्वेची खोली बांधायला घेतली. गॅरेजच्या मोठ्या दाराच्या आत प्लायची भिंत उभी केली, तिच्यात थर्माकोल भरला, घराच्या बाजूने एक बुटकं दार काढलं आणि फळ्यांवर सगळं जग मांडलं. डोंगर, बोगदा, पूल, स्टेशन. शेवटचा रूळ ठोकला तो ऐन थंडीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला.

"तेव्हापासून खोलीला कुलूप आहे," घड्याळजी म्हणाले. "परवा त्याचा वाढदिवस होता. राहवलं नाही म्हणून उघडली. त्याचं हिरवं इंजिन जागेवर नव्हतं."

चाव्या दोनच. एक घड्याळजींच्या खिशात, दुसरी मुलाची, ती सुनेकडे. सुनेला विचारलं तर ती म्हणाली, मी नेलं आणि तळ्यात टाकून दिलं. का टाकलं, यावर तोंडातून शब्द नाही. रोज दुपारी घड्याळजी वाचनालयात गेले की तीही घराबाहेर पडते, ऊन बघत नाही की काही, हे त्यांना शेजाऱ्यांकडून कळलं होतं. तेव्हाच कुठेतरी विकलं असणार, असा त्यांचा वहीम. त्यांनी तिला रविवारपर्यंत माहेरी निघून जायला सांगितलं होतं. बायकोला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं, सून चार दिवस हवापालटाला चाललीय.

"इंजिन गेल्याचं कळलं तर ही खचेल," घड्याळजी म्हणाले. "मला ते आणून द्या. आणि त्या पोरीनं असं का केलं, तेवढं शोधा. ती गेली की त्याचं असं घरात कोण उरणार आहे आमच्याकडे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं, घड्याळजींच्या बायकोला संशय येऊ नये म्हणून, विम्याची पाहणी करणारी माणसं बनून त्या घरी गेली. बुटक्या दारातून आत शिरताना भाऊजींनी कपाळ आपटून घेतलं. आत पत्र्याच्या छपराखाली सकाळीच उकडत होतं. कूलर बंदच होता. फळ्या भाऊजींच्या छातीपर्यंत येत होत्या. बाप-लेक दोघंही ताडमाड, उभ्याउभ्या काम करता यावं म्हणून त्यांनी त्या तशा उंच घेतल्या होत्या.

वहिनींनी रुळावरून बोट फिरवलं आणि भाऊजींपुढे धरलं. बोट स्वच्छ होतं. मग त्या मोठ्या वळणापाशी वाकल्या. तिथे फळी संपत होती, कडेला कठडा नव्हता, आणि खाली सिमेंटची जमीन. वहिनींनी केसातली पिन काढून जमिनीच्या भेगेतून काहीतरी टोकरलं. हिरव्या रंगाची खपली होती, तिळाएवढी. गाडीच्या बटणांपाशी एक लाकडी खोकं उपडं ठेवलेलं होतं आणि त्यावर पोतं घडी करून अंथरलेलं. हे कशाला, असं वहिनींनी विचारलं. हत्यारांचं असेल, घड्याळजी म्हणाले.

"गाडी नीट चालायची?"

"पाण्यासारखी. शेवटच्या दिवशी आम्ही दोघं नुसते बघत बसलो होतो. कुठे एक हिसका नाही. सगळे सांधे मी माझ्या हाताने ठोकून घट्ट बसवलेत." बोलताना त्यांचा आवाज क्षणभर बापाचा न राहता कारागिराचा झाला.

सुनेला बोलावलं. उंच मुलगी, दाराकडे न बघताच सवयीने वाकली आणि आत आली. तिने पुन्हा तेच सांगितलं: मी नेलं, तळ्यात टाकलं. वहिनींनी तिच्याशी वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, जरा गाडी सुरू करून दाखव. इंजिन नसलं तरी वीज तर सोड. सुनेने एक बटण दाबलं, स्टेशनचे दिवे लागले. दुसरं दाबलं, बोगद्यात उजेड पडला. रुळांत वीज सोडणारा मुख्य स्विच फळीच्या खाली, तिच्या लाकडी पायामागे होता. वहिनींना तो आल्या आल्या सापडला होता. सुनेला सापडला नाही. विसरले, असं म्हणून ती निघून गेली.

तिच्या खोलीवरून जाताना भाऊजींना एक गोष्ट दिसली. पलंग खिडकीला चिकटून, भर उन्हात होता. गॅरेजकडची सावलीतली भिंत मोकळी, आणि तिच्यालगत जमिनीवर पलंगाच्या पायांचे जुने डाग. त्यांनी वहिनींना बाजूला घेऊन ते सांगितलं.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "उन्हात झोपणं हा अजून तरी गुन्हा नाही."

भाऊजींनी विषय सोडला. दिरानं वहिनीशी किती वाद घालायचा यालाही मर्यादा असते.

स्वयंपाकघरात घड्याळजींची बायको होती. तिला सगळे काकू म्हणायचे. चणीने इतकी लहान की वरच्या फळीवरचा डबा तिने भाऊजींना काढून द्यायला सांगितला. मुलगा असताना तोच काढून द्यायचा, असं म्हणाली आणि डबा पुसत राहिली, स्वच्छ असूनही. वहिनींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, रेल्वे आवडायची का?

"मी कधी गेलेच नाही हो तिथे. मला काय कळतंय त्यातलं? गोल गोल फिरते. त्या मोठ्या वळणावर ठेच लागल्यासारखी अडखळते, तेव्हा जीव खालीवर होतो, एवढंच." एवढं बोलून ती गडबडीने नळ सोडून भांडी घासायला लागली.

भाऊजींचा सगळा संशय मुलाच्या दोस्तावर होता. तो रंगाच्या दुकानात बसायचा, त्यालाही हाच नाद, आणि मुलगा गेल्यावर आठवण म्हणून त्याने तेच हिरवं इंजिन मागितलं होतं. घड्याळजींनी त्याला दारातही उभं केलं नव्हतं. दोघं दुकानात गेली, तेव्हा दोस्ताने ते सगळं मान्य केलं. मागायला नको होतं, म्हणाला, अजून मनाला खातं. वहिनींनी त्याला विचारलं, गाडी बंद राहिली तर रुळांचं काय होतं?

"काळे पडतात. महिनाभर गाडी नाही फिरली की पुसल्याशिवाय इंजिन हलत नाही." मग तो म्हणाला, "रुळांवरून बाप-लेकांचं वाजलंही होतं. तो म्हणायचा, सांध्यात फट ठेवू या, उन्हाळ्यात रूळ वाढतात. काका म्हणायचे, फट म्हणजे कामचुकारपणा. शेवटी काकांचंच चाललं."

"झालं," वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या. "उद्या दुपारी सगळ्यांना त्या खोलीत जमवा."

"चोर कोण ते तरी सांगा."

"उद्या दुपारी, भाऊजी. सकाळी जे दिसलं नाही ते तेव्हा दिसेल."

दुसऱ्या दिवशी घड्याळजी वाचनालयात गेले नाहीत. पत्रा तापून खोलीचा तवा झाला होता. काकू दारातच उभी राहिली, आत येईना. सून भिंतीवर हात टेकून खाली बघत होती.

वहिनींनी मोठ्या वळणाकडे बोट केलं. काल सकाळी सरळ असलेला रूळ सांध्याजवळ उचलला गेला होता, फळीपासून बोटभर वर.

"चोरी झालेलीच नाही," वहिनी म्हणाल्या. "इंजिन इथून घसरलं आणि खाली सिमेंटवर पडलं. रंगाचा कण भेगेत राहिला. पण बंद खोलीत, कुलपाआड, इंजिन आपोआप कसं घसरेल? गाडी कुणीतरी चालवत होतं. रोज. म्हणून रूळ लख्ख आहेत. इतके महिने बंद असते तर काळे ठिक्कर पडले असते."

"सूनबाईच," घड्याळजी म्हणाले. "चावी तिच्याकडेच."

"तिला मुख्य स्विच कुठे आहे तेही माहीत नाही. आणि हे खोकं बघा. तुमची सून उंच आहे, तिला यावर चढायची काय गरज? ज्या माणसाचा हात वरच्या फळीवरच्या डब्यालाही पुरत नाही, त्याला गरज."

भाऊजींच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला आणि पडला तसा त्यांना तो नकोसा झाला.

"काकू," वहिनींचा आवाज खाली आला, "काल तुम्ही मला म्हणालात, गाडी वळणावर ठेच लागल्यासारखी अडखळते. थंडीत ती कधीच अडखळली नाही. हे दोघं बघत बसले होते, एक हिसका नव्हता. अडखळायला लागली ती उन्हाळ्यात, रूळ वाढल्यावर. ते फक्त अशा माणसाला माहीत असेल, ज्यानं ती या उन्हाळ्यात पाहिलीय. यजमान वाचनालयात गेल्यावर. तुमच्या हातून इंजिन पडलं हे तुमच्या सुनेला कळलं, आणि तुमचं नाव येऊ नये म्हणून तिनं चोरी स्वतःवर घेतली."

"चोरी?" काकूने नवऱ्याकडे पाहिलं. "कुणाची चोरी? हिला चोर म्हणालात तुम्ही?"

उत्तराची वाट न बघता काकू घरात गेली आणि मुलाच्या मफलरमध्ये गुंडाळलेलं इंजिन घेऊन आली. पुढचं चाक निखळलेलं, धुराडं मोडलेलं. तिने ते फळीवर ठेवलं.

"तो सारखा म्हणायचा, आई, एकदा बघायला ये ना," ती म्हणाली. "मी म्हणायची, भाजी चिरून होऊ दे. कपडे वाळत घालून होऊ दे. एकदा तर हात धरून ओढत होता, माझे हात ओले होते. म्हटलं, उद्या येते. तो असेपर्यंत मी एकदासुद्धा आले नाही हो. मग हिच्याकडे चावी मागितली. हिनं काही विचारलं नाही, हातावर ठेवली. स्विच शोधायलाच किती दिवस गेले माझे. आता रोज येते. रूळ पुसते, गाडी सोडते आणि त्याला सांगते, बघ, आले बघायला. आणि त्याचं इंजिनही मीच मोडलं."

"तू नाही मोडलंस." घड्याळजी वळणापाशी गेले आणि उचललेल्या रुळावर अंगठा दाबून उभे राहिले. अंगठा काढला की रूळ परत वर येत होता. "फट ठेवू या म्हणत होता तो. मी ऐकलं नाही. माझ्यापुढे कुणाचं चाललंय का कधी?" मग त्यांचा बांध फुटला. जन्मभर बारीक स्क्रू धरलेले ते हात त्यांनी सुनेपुढे जोडले. "पोरी, मला माफ कर. जाऊ नकोस. हे घर तुझं आहे."

भाऊजींचे डोळे भरून आले. सगळं नीट झालं, असं त्यांना वाटलं. वहिनींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या पर्स उचलायला लागल्या होत्या.

"मी जाणारच होते, बाबा," सून म्हणाली.

तिने भिंतीवरचा हात काढला नव्हता. "माझी खोली या भिंतीपलीकडे आहे. रोज दुपारी गाडी सुरू व्हायची आणि रोज मला वाटायचं, तो आत आहे. आता इंजिन थांबेल, मग मला हाक मारेल. पलंग लांब नेला, तरी ऐकू यायचं. म्हणून बाहेर जायची, उन्हात फिरायची. किती दिवस फिरणार? मला इथे राहवत नाही. पण हे बोलले असते तर आईंनी गाडी बंद केली असती. त्यांना तेवढं एकच उरलंय. चोर म्हणून गेले असते, तर कुणाला काही बंद करावं लागलं नसतं."

"मी बंद करते," काकू म्हणाली. "आत्ता बंद करते, तू राहा."

"नका करू, आई. म्हणूनच तर बोलले नव्हते."

परतताना वहिनी म्हणाल्या, "पलंगाचं तुम्ही सांगितलं होतंत, भाऊजी. मी हसण्यावारी नेलं." भाऊजींना यात जिंकल्यासारखं काहीच वाटलं नाही.

रविवारी सामान उचलायला म्हणून भाऊजी आपणहून गेले. पण घड्याळजींनी त्यांना एका पिशवीलासुद्धा हात लावू दिला नाही. दम लागला तरी सगळं स्वतः भाड्याच्या गाडीत ठेवलं. सुनेने दोघांना नमस्कार केला. काकूने तिला जवळ घेतलं आणि सोडेचना. इंजिन दोस्ताकडे दुरुस्तीला दिलंय, असं घड्याळजी उगाचच पुन्हा पुन्हा सांगत होते.

"फोन करत जा गं," काकू म्हणाली. "दुपारी मी एकटीच असते. दुपारी करत जा."

सून गाडीत बसली. काच खाली करून तिने सासूचा हात धरला.

"दुपारी नको, आई," ती म्हणाली. "मी सकाळी करत जाईन."